ओल्या कचऱ्याच्या खतात शेण: घटक की विरजण?

सोसायटीच्या खतटाकीत शेण किती घालायचे, यावरून दर पावसाळ्यात वाद होतो. कोणी पाटीभर शेण मागतो, तर कोणी म्हणतो, शेण नकोच, विकतचे कल्चर (कुजवणाऱ्या जिवाणूंचे मिश्रण) आणा. या गोंधळाचे मूळ असे की, शेण शेतातून शहरात आले तेव्हा त्याचे काम बदलले, पण प्रमाण सांगणाऱ्यांच्या डोक्यात जुनेच काम राहिले.

इंदूरला १९२४ ते १९३१ या काळात खत करण्याची जी पद्धत बसवली गेली, ती शेतासाठी होती. पऱ्हाट्या, तण, धसकटे असा कोरडा, कर्बाने (कार्बनने) भरलेला माल. त्याला नत्र (नायट्रोजन) हवे होते आणि ते शेण व गोठ्यातली मूत्र मुरलेली माती पुरवत असे. १९३९ ची बंगळूर पद्धत शहरी कचऱ्यासाठीच होती, पण तिच्यात शेणाच्या जागी मैला होता: चरात थर, वर माती, न परतता सहा-आठ महिने. पुढे पुसदच्या नाडेप टाकीने, म्हणजे भोके ठेवून बांधलेल्या विटांच्या खतटाकीने, शेण फार कमी केले. साधारण १४०० ते १५०० किलो काडीकचऱ्याला ९० ते १०० किलो शेण, तेही पाण्यात कालवून शिंपडायचे.

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे गणित उलटे आहे. त्याचे कर्ब-नत्र गुणोत्तर (नत्राच्या एका भागाला कर्बाचे किती भाग) साधारण १५ ते २०, ताज्या शेणाचेही २० च्या आसपास, आणि ढिगाला सुरुवातीला हवे २५ ते ३०. म्हणजे शेण वाढवून काहीच दुरुस्त होत नाही. कमी पडतो तो पालापाचोळा, आणि हवा. त्यात शेणकाला, म्हणजे पाण्यात कालवलेले शेण, ओतला की ओल आणखी वाढते, टाकीच्या तळाशी हवा कोंडते आणि आठवड्याभरात वास सुटतो. मग खापर शेणावर फुटते.

म्हणून शेणासाठी ‘विरजण’ हा शब्द रूढ झाला. दुधाला चमचाभर पुरते, तसे कचऱ्याला ओंजळभर, हे चटकन पटते. पण उपमा अर्धीच लागू पडते. दूध तापवून घेतलेले असते, विरजण लावल्याशिवाय त्याचे नीट दही होत नाही. भाजीची देठे, फळांची साले तापवलेली नसतात. कुजवणारे जिवाणू त्यांच्यावर आधीच बसलेले असतात. शेण न घालताही ढीग तापतो. मागच्या टाकीतले घमेलेभर तयार खतही तेच काम करते. मग शेणाचा उपयोग कुठे? कोरड्या पाचोळ्यावर. शेणकाला पानांना चिकटतो, ओल धरून ठेवतो, आणि एरवी महिनोन्‌महिने तशीच राहणारी पाने नरम पडू लागतात. शेण पाचोळ्याला द्यावे, ताटातल्या उष्ट्याला नव्हे, एवढे एक वाक्य टाकीशेजारी लिहून ठेवले असते तर कितीतरी टाक्या बंद पडल्या नसत्या.

१९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोठ्या शहरांत उभे राहिलेले यांत्रिक खत कारखाने वेगळ्याच कारणाने बुडाले. मिश्र कचरा, खतात काच आणि प्लास्टिक, आणि घ्यायला कोणी नाही. २००० च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरणाचा आग्रह धरला. पुण्यात गांडूळखत करणाऱ्या मिळकतींना करात सवलत मिळू लागली. खड्डे मात्र अनेक ठिकाणी सवलतीपुरतेच राहिले. २०१६ च्या नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्यांना मोठे कचरा उत्पादक ठरवले. ५००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या संकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा, असेही त्यात आले.

मुंबईत २ ऑक्टोबर २०१७ पासून अशा संकुलांचा ओला कचरा उचलणार नाही, असे महापालिकेने जाहीर केले. मुदती वाढत गेल्या. त्या घाईत २४ तासांत खत देणारी यंत्रे खपली. त्यांतून बहुधा वाळवलेला भुगा निघतो. पाणी लागले की तो पुन्हा कुजू लागतो. २०१६ च्या नियमांतली कंपोस्टिंगची व्याख्या सूक्ष्मजीवांकडून होणाऱ्या विघटनाची आहे, वाळवणीची नाही. शेण मिळवणेही सोपे राहिले नव्हते, कारण १९४९ मध्ये दुभत्या जनावरांसाठी आरे वसाहत झाली तेव्हापासून मुंबईतले तबेले शहराच्या कडेला सरकत गेले होते.

फेब्रुवारी २०२२ मध्ये इंदूरला दिवसाला ५५० टन क्षमतेचा बायोगॅस प्रकल्प सुरू झाला. त्याच्या नावात ‘गोबर-धन’ आहे, पण त्यात जातो तो शहराचा ओला कचरा.