जुलैत अडकणारं दार

जुलै लागला की गिरगावापासून बोरिवलीपर्यंत सुतारांचे फोन वाजू लागतात: दार अडकतंय, जरा रंधा मारून द्या. सुतार वैतागलेल्या मालकांसमोर सढळ हाताने कड तासतो. फेब्रुवारीत त्याच फटीतून जिन्यातला उजेड घरात येतो.

लाकडाच्या पेशींच्या भिंती सेल्युलोजच्या तंतूंनी बनलेल्या असतात. हवा दमट झाली की पाण्याचे रेणू या तंतूंच्या मध्ये शिरतात आणि त्यांना एकमेकांपासून दूर सारतात. तंतू खोडाच्या लांबीलाच धरून असल्याने फळी फुगते ती रुंदीला; लांबीत फरक जवळजवळ शून्य. म्हणून पावसाळ्यात दार बाजूला घासतं. वरच्या कोपऱ्यात घासत असेल तर आधी बिजागरीचे स्क्रू बघा.

मुंबईत हवेतली सापेक्ष आर्द्रता जुलै-ऑगस्टमध्ये 85 टक्क्यांच्या आसपास असते, हिवाळ्यात सरासरी साठ-पासष्टवर येते. उघड्या लाकडातला ओलावा त्यानुसार साधारण 17 टक्क्यांवरून 12 वर उतरतो. नुसत्या उभ्या फळ्या जोडून 90 सेंटिमीटर रुंद सागवानी दार केलं, तर एवढ्या फरकाने ते 8 मिलिमीटरपर्यंत हलू, म्हणजे रुंदीला फुगू-आटू शकतं. फळी वाढीच्या वलयांना काटकोनात चिरलेली असेल तर जवळपास निम्मं. सागवान हे कमी हलणारं लाकूड मानलं जातं, हे लक्षात घ्या!

जुन्या चाळींतली पॅनलची, म्हणजे पट्ट्यांच्या चौकटीत मधली फळी बसवलेली दारं बघावीत. त्यांत दाराची रुंदी ठरते दोन उभ्या पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या आडव्या पट्ट्यांवरून. आडव्या पट्टीचे तंतू आडवेच, त्यामुळे ती लांबीला हलत नाही. उभ्या पट्ट्या 10-10 सेंटिमीटरच्या असल्या, तर अख्ख्या दारात फरक पडतो तो 2 मिलिमीटरचा. मधलं पॅनल खाचेत मोकळं बसवलेलं असतं, फुगायला-आटायला जागा ठेवून. हल्ली ‘मजबुतीसाठी’ त्याच खाचेत फेविकॉल भरतात, बारीक खिळे ठोकतात. मग पॅनल आटताना मधोमध तडकतं, आणि दोष लाकडाला! पॅनल बसवण्याआधीच त्याच्या कडांना पॉलिश करावं, नाहीतर हिवाळ्यात ते आटलं की कोऱ्या लाकडाची पांढुरकी रेघ दिसते.

पॉलिश किंवा रंगाने ओलावा शिरायचा थांबत नाही, फक्त उशिरा शिरतो. पण दाराची खालची कड बहुधा कोरीच राहते, कारण रंगारी येतो तेव्हा दार लटकवून झालेलं असतं. उभ्या पट्ट्यांचे तंतू नेमके तिथे उघडे पडतात, आणि तंतूंच्या टोकांतून ओलावा सगळ्यात वेगाने शिरतो.

अडकलेल्या दाराला पहिल्या पावसातच रंधा लावू नये. लाकूड हवेच्या मागून आठवड्यांनी फुगतं. तोवर कडेला मेणबत्ती घासून भागतं. ऑगस्टअखेर, दार पुरतं फुगलेलं असताना, घासतं तेवढंच काढावं. उघडी पडलेली कड दिवाळीनंतर, लाकूड सुकल्यावर, पॉलिश करून घ्यावी.