ओझोन चांगला की वाईट? तो कुठे आहे ते आधी बघा

‘ओझोन म्हणजे पृथ्वीची छत्री, वाढला तर चांगलंच’ आणि ‘प्रदूषण शहरात, शिवारातली हवा स्वच्छ’ या दोन समजुती कोल्हापुरात अजून ऐकू येतात. दोन्ही खोडायलाच हव्यात.

सूर्याची घातक अतिनील किरणं अडवणारा छत्रीचा ओझोन वायू साधारण 15 ते 35 किलोमीटर उंचावर असतो. जमिनीलगतचा वेगळा. तो कुठल्याही धुराड्यातून थेट बाहेर पडत नाही. गाड्यांच्या आणि कारखान्यांच्या धुरातले नायट्रोजनचे ऑक्साइड व सेंद्रिय (म्हणजे कार्बनयुक्त) वाफा यांच्यावर कडक ऊन पडलं की तो तयार होतो. उसाचं पाचट पेटवलं की हाच कच्चा माल हवेत जातो. शहरात गाड्यांचा ताजा धूर ओझोनला काही अंशी खाऊन टाकतो. वाऱ्याबरोबर पुढे मात्र तो साचतो. म्हणून शहराबाहेरच्या शिवारात तो अनेकदा जास्तच भरतो.

पान श्वासासाठी पर्णरंध्रं उघडतं, तिथूनच ओझोन आत शिरतो आणि पेशी जाळतो. जुनं पान उन्हात धरून बघा: वरच्या बाजूला, शिरांच्या मधे, बारीक तांबूस-तपकिरी ठिपके, शिरा हिरव्याच. कॅलिफोर्नियात 1958 मध्ये द्राक्षवेलीवर असेच ठिपके ओझोनचे म्हणून ओळखले गेले.

पण ठिपके दिसले नाहीत तरी प्रकाशसंश्लेषण मंदावतं, दाणा कमी भरतो. गहू आणि सोयाबीन विशेष नाजूक. आपल्याकडे पावसाळ्यात ढगांमुळे ओझोन कमी असतो, त्यामुळे पावसाळ्यातल्या सोयाबीनपेक्षा हिवाळ्यातल्या गव्हाची काळजी मला जास्त वाटते. आणि ठिपक्यांवर बुरशीनाशक मारून उपयोग नाही, कारण तिथे बुरशीच नसते.