अमादू डियालो प्रकरणाची पार्श्वभूमी: न्यूयॉर्कमधले आफ्रिकन आणि पोलिसांचा संशय

न्यूयॉर्कमध्ये पोलिसांनी आफ्रिकन माणसाला अडवल्याची बातमी आली की पोलिसांच्या गोळ्यांनी मेलेल्या निःशस्त्र अमादू डियालोचं नाव निघतंच. प्रकरण 1999 चं, पण मुळं बरीच मागे जातात.

1965 च्या इमिग्रेशन कायद्याने युरोपियनांना झुकतं माप देणारा कोटा गेला, मग 1990 मध्ये कमी लोक येणाऱ्या देशांसाठी व्हिसाची लॉटरी आली. आफ्रिकेत जन्मलेले लोक अमेरिकेत 1970 ला जेमतेम 80 हजार होते, 2015 पर्यंत 21 लाखांच्या घरात गेले. न्यूयॉर्कला सेनेगल, माली, गिनीकडचे बरेच आले, फ्रेंच, वोलोफ, फुलानी बोलणारे, बहुतेक मुसलमान, कोणी टॅक्सी चालवायचं तर कोणी फुटपाथवर माल मांडायचं. हार्लेममधल्या 116व्या स्ट्रीटच्या पट्ट्याला तर लिटल सेनेगलच म्हणतात.

आता गंमत अशी की यातल्या कित्येकांनी आयुष्यात कधी स्वतःला 'काळा' म्हणून घेतलेलं नव्हतं. गावात सगळेच काळे, तिथे विचारतात ते तू फुलानी जमातीचा का मलिंके, कुणाचा मुलगा, कुठल्या गावचा. शिवाय खरं बोलायचं तर अमेरिकन काळ्यांपासून चार हात लांब राहायचीही बऱ्याच जणांची वृत्ती होती, आपण कष्ट करून पैसे घरी पाठवायला आलोय, पोलिसांची लफडी त्यांची ते बघतील. पोलिसांना हा फरक दिसायचं कारणच नव्हतं. (आपण तरी कुठे वेगळे, टांझानियाचा असो नाहीतर काँगोचा, आपल्याकडे सरसकट सगळे नायजेरियन.)

पोलिसांच्या हातातलं हत्यार होतं 'स्टॉप अँड फ्रिस्क', म्हणजे थांबवा आणि चाचपा. 1968 च्या टेरी खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की अटकेइतका पुरावा नसला तरी वाजवी संशयावर माणसाला थांबवता येतं आणि त्याच्याकडे हत्यार असेल असं वाटलं तर अंग चाचपता येतं. वाजवी म्हणजे काय ते रस्त्यावर उभा असलेला पोलीसच ठरवणार. 1994 मध्ये जुलियानी मेयर झाले, त्याच वर्षी हार्लेममधल्या 125व्या स्ट्रीटवरचे फेरीवाले उठवले, त्यात पश्चिम आफ्रिकन पुष्कळ होते. पुढे 1997 मध्ये पोलिसांचं स्ट्रीट क्राइम युनिट जवळपास तिप्पट केलं, साध्या कपड्यातले पोलीस, काम बेकायदा बंदुका शोधायचं आणि ब्रीद काय तर 'रात्र आमच्या मालकीची'.

4 फेब्रुवारी 1999 ला मध्यरात्रीनंतर याच युनिटचे चौघे ब्राँक्सच्या व्हीलर अव्हेन्यूवर फिरत होते. 23 वर्षांचा डियालो आपल्याच बिल्डिंगच्या दारात उभा. गिनियन कुटुंबातला, दिवसभर 14व्या स्ट्रीटवर मोजे, हातमोजे, व्हिडिओ कॅसेट विकायचा. पोलिसांच्या म्हणण्याप्रमाणे तो त्या भागातल्या एका बलात्काऱ्याच्या वर्णनात बसत होता. त्याने खिशातून पाकीट काढलं, ते त्यांना पिस्तूल वाटलं, एक पोलीस मागे जाताना पायरीवरून पडला तर बाकीच्यांना वाटलं त्याला गोळीच लागली. 41 गोळ्या झाडल्या, 19 लागल्या. डियालोकडे कसलंही हत्यार नव्हतं.

नंतर पोलीस मुख्यालयासमोर रोज निदर्शनं, रोज अटका, त्यात माजी मेयर डिंकिन्ससुद्धा. आफ्रिकन इमाम आणि हार्लेमचे काळे पुढारी एकत्र उभे राहिले, आधी हे फारसं होत नसे. खटला मात्र शहराबाहेर ऑल्बनीला हलवला आणि 25 फेब्रुवारी 2000 ला चौघेही निर्दोष सुटले.

खरं काम आकड्यांनी केलं असं मला वाटतं. राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलनी 1999 मध्येच पोलिसांचे पावणेदोन लाख फॉर्म तपासले, शहरात काळे साधारण पाव आणि थांबवलेल्यांत निम्मे! डियालोनंतर स्टॉप अँड फ्रिस्कविरुद्ध झालेल्या डॅनियल्स खटल्याच्या 2003 च्या तडजोडीत पोलिसांना किती लोक थांबवले त्याची माहिती द्यायचं कबूल करावं लागलं, आणि तीच त्याच विषयावरच्या पुढच्या फ्लॉइड खटल्यात (जॉर्ज फ्लॉइडचा नव्हे) कामी आली. स्ट्रीट क्राइम युनिट 2002 ला बंद झालं होतं, तरी थांबवणं उलट वाढलं, 2011 मध्ये 6,85,724 वेळा. ऑगस्ट 2013 मध्ये फ्लॉइड खटल्यात जज शाइंडलिन यांनी न्यूयॉर्कचे पोलीस ही पद्धत ज्या तऱ्हेने वापरत होते ते घटनाबाह्य ठरवलं.

मधल्या काळात मे 2003 मध्ये मॅनहॅटनच्या चेल्सीतल्या एका गोदामात बुर्किना फासोचा उस्मान झोंगो पोलिसाच्या गोळीने मेला, तिथे तो आफ्रिकन कलावस्तू दुरुस्त करायचा आणि छापा होता नकली सीडीचा, ज्याच्याशी त्याचा काडीचा संबंध नव्हता. त्या पोलिसाला शिक्षा झाली, पण ती प्रोबेशनची. आणि डियालोवर गोळ्या झाडणाऱ्यांपैकी केनेथ बॉस याला 2012 मध्ये सर्व्हिस पिस्तूल परत मिळालं, 2015 मध्ये तो सार्जंट झाला.