एका सत्रात वाचून होईल एवढी ऑपरेटिंग सिस्टिम

पवईच्या आयआयटीत ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे संगणकाचा सगळा कारभार सांभाळणारा प्रोग्राम, शिकताना मुलं एक्सव्ही-६ नावाची छोटीशी सिस्टिम उघडतात. तिचा कोड वाचतात, त्यात फेरफार करतात, ती बंद पाडतात आणि पुन्हा उभी करतात. जगातल्या अनेक विद्यापीठांत आज असंच शिकवतात. सिस्टिम शिकवायची तर तिचा कोड मुलांच्या हातात हवा, हे आता इतकं सरळ वाटतं की त्यासाठी शिक्षकांना किती खटपट करावी लागली, त्याची आठवणच राहत नाही.

सुरुवात युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमपासून करावी लागते. १९६९ मध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये ती लिहायला घेतली. बेल लॅब्ज ही एटी अँड टी या टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा, आणि अमेरिकन सरकारशी १९५६ मध्ये कोर्टात झालेल्या तडजोडीमुळे या कंपनीला टेलिफोनबाहेरच्या धंद्यात उतरता येत नव्हतं. त्यामुळे विद्यापीठांनी मागितली की युनिक्स नाममात्र शुल्कात, सोर्स कोडसकट, म्हणजे प्रोग्रामरने लिहिलेल्या मूळ मजकुरासकट मिळे. हा मोकळेपणा कायद्याच्या अडचणीतून आलेला होता. तो कुणी हक्क म्हणून लिहून दिलेला नव्हता, म्हणून पुढे काढूनही घेता आला.

मधल्या काळात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या जॉन लायन्स यांनी त्याचं सोनं केलं. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा, म्हणजे कर्नल, सुमारे ९,००० ओळींचा होता. १९७६-७७ मध्ये लायन्स यांनी या ओळींना क्रमांक घालून त्या वर्गासाठी छापल्या आणि सोबत त्यांच्यावर टीका लिहिली. आपल्याकडे जुन्या ग्रंथांवर टीका लिहीत, त्या अर्थाने: मूळ ओळ समोर ठेवायची आणि ती तशी का आहे ते उलगडायचं. माझ्या मते संगणकशास्त्राच्या शिक्षणातला हा फार मोठा क्षण आहे. तोवर मुलं प्रोग्राम लिहायला शिकत. दुसऱ्याने लिहिलेली, रोज कामात असलेली अख्खी सिस्टिम वाचायला त्यांना सहसा कुणी बसवत नव्हतं.

त्या छापील कोडमधली २२३८ वी ओळ पुढे फार गाजली. संगणक एक काम थांबवून दुसरं उचलतो, त्या अदलाबदलीच्या कोडमध्ये लिहिलं आहे: ‘हे तुम्हाला समजावं अशी अपेक्षा नाही.’ अनेकांना त्यात तोरा दिसला. रिची यांनी नंतर खुलासा केला की ‘हे परीक्षेला येणार नाही’ अशा भावनेने ते लिहिलं होतं. आणि त्यांनीच सांगितलं, ‘खरी अडचण ही होती की तिथे नेमकं काय चाललंय ते आम्हालाही उमगलेलं नव्हतं.’ शिकवणाऱ्याने मुलांसमोर ठेवावं असंच हे उत्तर आहे.

१९७९ मध्ये सातवी आवृत्ती आली आणि तिच्या परवान्याने हा कोड वर्गात शिकवायला मनाई केली. लायन्स यांच्या टीकेच्या मग झेरॉक्स निघाल्या, झेरॉक्सच्या झेरॉक्स निघाल्या, अक्षरं पुसट होईपर्यंत. ती रीतसर पुस्तक म्हणून छापायला १९९६ उजाडलं.

कोड गेल्यावर वर्गात उरली नुसती थिअरी. ॲमस्टरडॅमला शिकवणारे अँड्र्यू टॅननबाम यांची तक्रार नेमकी होती: शेड्युलिंगवर, म्हणजे कोणत्या कामाला प्रोसेसर कधी द्यायचा यावर, तासन्‌तास जातात, प्रत्यक्षात तो कोड पानभरही नसतो, आणि इनपुट-आउटपुट, फाइल सिस्टिम या खऱ्या महत्त्वाच्या गोष्टींची फारशी थिअरी नाही म्हणून त्या बाजूलाच राहतात. त्यांनी एटी अँड टीची एकही ओळ न घेता स्वतः सिस्टिम लिहिली. मिनिक्स नावाची ही सिस्टिम १९८७ मध्ये पाठ्यपुस्तकासोबत आली, सुमारे १२,००० ओळी पुस्तकातच छापलेल्या. साध्या आयबीएम पीसीवर, हार्ड डिस्क नसली तरी फ्लॉपीवर ती चाले.

मिनिक्समध्ये हे घाला, ते घाला, असा लोकांचा आग्रह सुरू झाला. टॅननबाम बधले नाहीत. एका सत्रात शिकवून होणार नाही इतकी ती वाढू द्यायची नव्हती. हा हट्ट मला पटतो. पण कोड वाचता आला तरी मिनिक्सचे हक्क प्रकाशकाकडे होते, आणि बदल करून ती वाटण्याची मोकळीक २००० साली मिळाली. तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. मिनिक्सवर शिकलेल्या हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ऑगस्ट १९९१ मध्ये स्वतःची सिस्टिम लिहीत असल्याचं जाहीर केलं होतं. तीच लिनक्स. ती खुली राहिली आणि वाढत गेली. आज तिच्या कोट्यवधी ओळी आहेत. शाळा-कॉलेजच्या लॅबमध्ये वापरायला ती उत्तमच, पण पहिल्यांदा वाचायला बसणाऱ्याला तिचा तळ सापडत नाही.

म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातले शिक्षक या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा लायन्स यांच्या ९,००० ओळींकडे वळले. अडचण एकच होती: तो कोड पीडीपी-११ या कधीच मागे पडलेल्या यंत्रासाठी लिहिलेला होता, आणि केवळ तेवढ्यासाठी ते यंत्र शिकणं मुलांच्या जिवावर येई. २००६ च्या उन्हाळ्यात फ्रान्स काशुक, रॉबर्ट मॉरिस आणि रस कॉक्स यांनी तीच रचना आजच्या सी भाषेत, आजच्या प्रोसेसरसाठी नव्याने लिहिली. हीच एक्सव्ही-६. नावातला सहाचा आकडा त्या सहाव्या आवृत्तीचा. परवाना पूर्ण खुला. २०१९ पासून ती रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर रचनेवर चालते.

तिच्यात ‘स्विच’ नावाचं एक छोटं फंक्शन आहे. चौदा रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या छोट्या कप्प्यांतली मूल्यं, मेमरीत ठेवायची, दुसरी चौदा तिथून उचलायची आणि परत फिरायचं, एवढंच त्याचं काम. डीबगरमध्ये, म्हणजे प्रोग्राम थांबवत थांबवत तपासायच्या साधनात, एकेक सूचना पुढे सरकवत गेलं की दिसतं: फंक्शनमध्ये शिरताना आपण एका प्रोसेसमध्ये, म्हणजे चालू असलेल्या एका प्रोग्राममध्ये असतो, आणि परतीची सूचना चालते तेव्हा जिथून आलो तिथे न जाता पुढचं काम निवडणाऱ्या शेड्युलरमध्ये निघतो. २२३८ व्या ओळीजवळचा गुंता याच अदलाबदलीचा होता. एमआयटीच्या लॅबमध्ये थ्रेड, म्हणजे एकाच प्रोग्राममधली वेगवेगळी कामं, बदलणारा असाच कोड मुलांना स्वतः लिहायला दिला गेला.