पार्श्वभूमी: १ नोव्हेंबर २००५ आणि जुन्या पेन्शनचा मतदार

केंद्राने १ जानेवारी २००४ पासून नव्याने नोकरीत येणाऱ्यांची जुनी पेन्शन, म्हणजे पगारातून कपात न करता मिळणारी ठरावीक पेन्शन, बंद केली, महाराष्ट्राने त्यानंतर जवळजवळ दोन वर्षांनी. राज्याचा शासन निर्णय निघाला ३१ ऑक्टोबर २००५ ला आणि तो लागू झाला दुसऱ्याच दिवसापासून. त्यावरून सरकार अडचणीत आलं नाही, आणि त्याचं कारण सरळ होतं. ज्यांचं नुकसान होणार होतं ते त्या दिवशी नोकरीतच नव्हते, आणि जे नोकरीत होते त्यांची पेन्शन शाबूत होती. सुधारणेवर लोकांचं मत काय, हा प्रश्न तेव्हा पडला नाही, कारण ते मत असणारी माणसंच अजून तयार व्हायची होती.

ती पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तयार झाली. नव्या योजनेत पेन्शन ठरलेली नव्हती, जमा रकमेवर अवलंबून होती, आणि त्यासाठी पगारातून दहा टक्के कपात सुरू झाली. जमा रकमेचा हिशेब मिळत नाही, ही तक्रार शिक्षकांच्या तोंडी कायमची बसली. पण संताप वाढला तो मृत्यूंमुळे. नोकरीत असताना कुणी गेला, तर घरच्यांना कुटुंब निवृत्तिवेतन नव्हतं. शेजारच्या टेबलावरचा, २००४ ला लागलेला सहकारी गेला, तर त्याच्या घरच्यांना होतं. ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ ही घोषणा अशा तुलनेतून गावोगावच्या शाळांत पोचली.

या सगळ्यात सर्वांत जास्त गुंता ‘नियुक्ती’ या एका शब्दाने केला. १ नोव्हेंबर २००५ रोजी किंवा त्यानंतर नियुक्त झालेल्यांना नवी योजना, इतकं वाचलं तर सोपं वाटतं. मग जाहिरात २००४ मध्ये निघाली, परीक्षा झाली, निवड यादीही लागली, पण रुजू होण्याचा आदेश सरकारी दिरंगाईने २००६ मध्ये हाती आला, त्याचं काय? त्यालाही तेव्हा नवीच योजना लागली. दुसरा प्रकार याहून वाईट. खासगी शाळेत २००१ किंवा २००३ पासून शिकवणारा मास्तर, मान्यता रीतसर, फक्त शाळा तेव्हा शंभर टक्के अनुदानावर आलेली नव्हती. अनुदान वीस टक्के, चाळीस टक्के असं टप्प्याटप्प्याने येतं आणि ते कधी यायचं हे सरकार ठरवतं. पूर्ण अनुदान त्या तारखेनंतर आलं म्हणून हे शिक्षकही नव्या योजनेत ढकलले गेले. म्हणजे नियुक्तीची तारीख जुनी आणि पेन्शनची तारीख नवी. या गटाचं म्हणणं मला आजही बिनतोड वाटतं. बाकी कर्मचाऱ्यांच्या मागणीबद्दल वाद घालता येईल, यांच्याबद्दल घालणं कठीण आहे.

मतपेटीत हे सगळं उतरलं ते डिसेंबर २०२२ नंतर. हिमाचलमध्ये जुन्या पेन्शनचं आश्वासन देणारा पक्ष निवडून आला. त्याच महिन्यात नागपूर अधिवेशनात राज्य सरकारने सांगितलं की १ लाख १० हजार कोटींचा बोजा पडेल, राज्य दिवाळखोरीत जाईल, सबब जुनी पेन्शन मिळणार नाही. महिनाभरात विधान परिषदेच्या पाच शिक्षक-पदवीधर जागांचा प्रचार सुरू झाला आणि तेच सरकार ‘आम्ही सकारात्मक आहोत’ म्हणू लागलं. ३० जानेवारी २०२३ ला मतदान झालं. नागपूरची शिक्षकांची जागा सत्ताधाऱ्यांनी गमावली आणि ती पेन्शनने घेतली असं सगळ्यांनी लिहिलं. कोकणातली शिक्षकांचीच जागा मात्र त्यांनी जिंकली, हे लिहायला बरेचजण विसरले.

१४ मार्चपासून जुन्या पेन्शनसाठी सरकारी कर्मचारी आणि शिक्षकांचा संप झाला, सात दिवस. दाखले अडले, परीक्षा अडचणीत आल्या, आणि इथे दुसरं जनमत पहिल्यांदा मोठ्याने बोललं. अर्ध्या पगारावर काम करायला तयार आहोत, असं सांगत कोल्हापुरात बेरोजगार तरुण रस्त्यावर आले. कांद्याला भाव नसलेल्या शेतकऱ्याला या मागणीबद्दल काय वाटत होतं, ते कुठल्याही पारावर ऐकू येत होतं. शिक्षक मतदारसंघाच्या यादीत फक्त शिक्षक असतात. विधानसभेच्या यादीत पारावरचे सगळे असतात. वर्षअखेरीस राजस्थान आणि छत्तीसगडमध्ये जुनी पेन्शन परत आणणारी सरकारंही पडली.

मग तडजोडीचे निर्णय एकामागोमाग आले. संपानंतर दहा-बारा दिवसांतच, ३१ मार्च २०२३ ला, कुटुंब निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) नव्या योजनेतल्यांनाही लागू झालं. मृतांच्या घरच्यांचा प्रश्न इतक्या वर्षांनी आठवडा-दोन आठवड्यांत सुटू शकत होता, हे त्यावरून कळलं. ४ जानेवारी २०२४ ला मंत्रिमंडळाने जाहिरातीची तारीख ग्राह्य धरली आणि सुमारे २६ हजार जणांना जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. १ मार्चला शेवटच्या पगाराच्या पन्नास टक्के आणि त्यावर महागाई भत्ता देणारी सुधारित योजना जाहीर झाली. ऑगस्टमध्ये केंद्राने एकीकृत पेन्शन योजना (यूपीएस) जाहीर करताच दुसऱ्या दिवशी राज्याने ती स्वीकारली.

नोव्हेंबर २०२४ च्या विधानसभेत चर्चा लाडक्या बहिणीच्या दीड हजारांची आणि त्याचे एकवीसशे करण्याची होती. तिजोरीवरच्या बोज्याचा मुद्दा तिथेही निघाला, पण दिवाळखोरी हा शब्द यावेळी सत्ताधाऱ्यांच्या तोंडी नव्हता. अंशतः अनुदानित शाळांमधले २००५ पूर्वीचे शिक्षक त्या २६ हजारांत बसले नाहीत.