ॲक्रिलिक मत्स्यटाकीवरील ओरखडे काढणे

ॲक्रिलिकच्या टाकीच्या भिंतींवर पडलेले चरे घासून व पॉलिश करून नाहीसे करण्याची प्रक्रिया. 'काढणे' हा शब्द रूढ असला तरी फसवा आहे. ओरखडा म्हणजे खाच, आणि खाच पुसली जात नाही. भोवतालचा पृष्ठभाग खाचेच्या तळापर्यंत झिजवावा लागतो. त्या झिजवण्याने पडलेले नवे चरे आणखी बारीक घासकागदाने घासायचे, त्याचे चरे त्याहून बारीक कागदाने, असे ते डोळ्यांना दिसेनासे होईपर्यंत चालते.

ॲक्रिलिक म्हणजे पॉलिमिथिल मेथाक्रिलेट. हे पारदर्शक प्लॅस्टिक १९३०च्या दशकात प्लेक्सिग्लास, पर्स्पेक्स अशा नावांनी बाजारात आले. वजनाला ते काचेच्या निम्म्याहून कमी आणि धक्का सहन करणारे, म्हणून मोठ्या मत्स्यालयांच्या खिडक्या त्याच्याच असतात. जपानमधील ओकिनावा येथे २००२ मध्ये खुल्या झालेल्या चुराउमी मत्स्यालयाची मुख्य खिडकी २२.५ मी. रुंद, ८.२ मी. उंच आणि सुमारे ६० सेंमी. जाड आहे. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयात २०१५च्या नूतनीकरणात बसवलेला बोगदाही ॲक्रिलिकचा होता. आपल्याकडच्या घरगुती टाक्या मात्र बहुतेक काचेच्या असतात.

ॲक्रिलिकचा दोष एकच, पण रोजचा: ते मऊ असते. शेवाळ पुसण्याच्या चुंबकी पुसणीत वाळूचा एक कण अडकला तरी लांबलचक चरा उमटतो. धातूचे पाते, भांडी घासायची खरखरीत घासणी, खडी हलवताना निसटलेला दगड ही इतर कारणे. खाऱ्या पाण्याच्या टाकीत समुद्री साळिंदर (सागरी अर्चिन) शेवाळ खरवडताना भिंतही खरवडतो.

आतल्या बाजूचे ओरखडे पाणी भरल्यावर फिके दिसतात. ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकतो त्याचे माप) सुमारे १.४९, पाण्याचा १.३३ आणि हवेचा जवळपास १. खाचेत पाणी शिरले की हा फरक घटतो आणि प्रकाश कमी विखुरतो. त्यामुळे रिकाम्या टाकीत भयंकर वाटणारा चरा भरलेल्या टाकीत खुपेलच असे नाही. बाहेरच्या चऱ्याला ही सवलत नाही.

खोली नखाने जोखतात. नख अडकत नसेल तर नुसते प्लॅस्टिक पॉलिश पुरते. टूथपेस्टचा घरगुती उपायही इथपर्यंतच चालतो. नख अडकले तर घासणे आले. गॅरेजमध्ये गाडीच्या रंगकामाला वापरतात तोच वॉटर पेपर सपाट ठोकळ्याला गुंडाळतात आणि पाणी मारत घासतात. खोल चऱ्याला ४०० किंवा ६०० नंबरपासून सुरुवात करून ८००, १०००, १५००, २००० असे चढत जातात. दर नंबराला घासण्याची दिशा काटकोनात बदलली की आधीच्या कागदाचे चरे उरले आहेत का ते लगेच कळते. ते पूर्ण गेल्याशिवाय पुढचा कागद हाती घेऊ नये. बहुतेक कामे बिघडतात ती मधला नंबर गाळल्यामुळे. ४००चा राहिलेला चरा २०००च्या कागदाने जन्मभर घासला तरी हलत नाही. ४०० नंबरच्या कागदावरचे कण सुमारे ३५ मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), २०००चे सुमारे १० मायक्रॉनचे. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी मायक्रॉनहूनही कमी असल्याने २००० नंतरही भिंत दुधाळच दिसते. तिची पारदर्शकता परत येते ती शेवटच्या पॉलिशने.

फक्त चऱ्यापुरते घासले तर तिथे खळगा पडतो आणि त्यामागचा मासा वेडावाकडा दिसतो. म्हणून कडेचा बराच भाग सोबत घेऊन हळूहळू उतार द्यावा लागतो. बफिंग यंत्र (पॉलिश करणारे फिरते यंत्र) एका जागी थांबले तर घर्षणाच्या उष्णतेने पृष्ठभाग मऊ होऊन ओढला जातो.

मासे आत असतानाही पाण्याखाली घासता येते. मोठ्या मत्स्यालयांत पाणबुडे हेच करतात. उडालेला भुगा पाण्यात विरघळत नाही, गाळणीत अडकतो. पॉलिशची रसायने मात्र भरलेल्या टाकीत वापरू नयेत. अमोनिया किंवा अल्कोहोल असलेले काच पुसण्याचे द्रावण तर बाहेरूनही वर्ज्य: त्याने, विशेषतः ताण असलेल्या जोडांजवळ, केसासारखे तडे जातात. हे तडे ओरखडे नव्हेत. ते घासून जात नाहीत, आणि जोडाजवळ दिसले तर टाकी रिकामी करून जोडच तपासावा लागतो.