सर्व्हर बंद आहे की नुसता गप्प?

मे महिन्यातली दुपार. नागपुरात पारा ४५ अंशांकडे सरकलेला, खिडकीत कूलर घरघरतोय आणि महालातल्या आमच्या घरी सुटीत आलेला भाचा मोबाईलवर माइनक्राफ्ट खेळायला टपून बसलेला. "मामा, तुमचा प्रोग्राम सर्व्हर बंद दाखवून राहिला, अन् माझा दोस्त तर आत खेळून राहिला!"

प्रोग्राम पायथॉनमध्ये लिहिलेला, एमसीस्टेटस ही लायब्ररी वापरून. लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहून, तपासून ठेवलेला कोड. आपण फक्त हाक मारायची. ही लायब्ररी माइनक्राफ्टच्या सर्व्हरला, म्हणजे सगळे खेळाडू ज्याला जोडून एकत्र खेळतात त्या संगणकाला, विचारते: जागा आहेस का, आत किती जण आहेत, आवृत्ती कुठली? चूक तिची नव्हती. मीच चुकीचं दार ठोठावत होतो.

माइनक्राफ्टचे दोन अवतार आहेत. संगणकावरची जावा आवृत्ती सहसा टीसीपीच्या २५५६५ क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे दारावर, ऐकते, मोबाईलवरची बेडरॉक यूडीपीच्या १९१३२ वर. टीसीपी आणि यूडीपी या संगणकांनी एकमेकांशी बोलायच्या दोन पद्धती. टीसीपी फोनसारखं आहे: आधी दोन्हीकडून 'हॅलो', मग बोलणं. यूडीपी म्हणजे दाराखालून सरकवलेली चिठ्ठी. पोचली की नाही, ते कोणी कळवत नाही. संगणकशास्त्रज्ञ जॉन पोस्टेल यांनी १९८० साली यूडीपीचा हा नियम जेमतेम तीन पानांत मांडला.

बेडरॉकला विचारायची चिठ्ठी अवघ्या ३३ बाइटची. तिच्यात पाठवणाऱ्याच्या घड्याळातली वेळही असते, आणि सर्व्हर उत्तरात तीच परत पाठवतो. जाण्यायेण्याला किती वेळ लागला, हे त्यातून कळतं. ही युक्ती मला फार आवडते: सर्व्हरचं घड्याळ चुकीचं असलं तरी मोजमाप बिघडत नाही.

प्रत्येक खेळाची भाषा मात्र निराळी. व्हॉल्व्ह कंपनीच्या सोर्स इंजिनवरच्या (इंजिन म्हणजे खेळ ज्या पायावर उभा असतो तो कोड) खेळांना विचारायचा संदेश २५ बाइटचा, आणि त्याचे पहिले चारही बाइट २५५. क्वेक थ्री या खेळाच्या संदेशाची सुरुवातही अशीच होते. हा योगायोग नाही, व्हॉल्व्हचं पहिलं इंजिन क्वेकच्याच इंजिनातून घडलं होतं. अशा कितीतरी बोली एकट्या गेमडिग या लायब्ररीला येतात. खेळ कुठलाही असो, ती नाव, नकाशा, खेळाडू अशी माहिती एकाच साच्यात हातात ठेवते.

या साध्या प्रश्नोत्तरांचा गैरवापरही झाला. यूडीपीच्या चिठ्ठीवर पाठवणाऱ्याचा पत्ता खोटा घालता येतो. छोटा प्रश्न दुसऱ्याच्या नावाने हजारो सर्व्हरांना विचारला, की मोठी उत्तरं त्या बिचाऱ्याच्या अंगावर कोसळतात. म्हणून डिसेंबर २०२० पासून सोर्सचे सर्व्हर आधी एक आकडा पाठवू शकतात. तो आकडा जोडून पुन्हा विचारलं, तरच माहिती मिळते. खोटा पत्ता घालणाऱ्यापर्यंत तो आकडा पोचतच नाही. जुन्या लायब्रऱ्यांना ही पद्धत ठाऊक नव्हती, त्यामुळे चालू सर्व्हरही त्यांना मुका वाटे.

आणि खरा पेच इथेच आहे. टीसीपीवर 'इथे कोणी नाही' असा स्पष्ट नकार येऊ शकतो. शांतता मात्र काहीच सांगत नाही. चिठ्ठी वाटेत हरवली असेल, नको ते संदेश रोखणाऱ्या फायरवॉलने अडवली असेल, किंवा आपण पुरेसं थांबलोच नसू. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. आपल्या झिरो माइलपासून सिंगापूर सरळ रेषेत साडेतीन हजार किलोमीटरच्या आसपास. म्हणजे जाऊनयेऊन ३५ मिलिसेकंद तर निसर्गच घेतो, आणि केबल काही सरळ रेषेत जात नाही. वाट किती पाहायची, किती वेळा विचारायचं, हे ठरवणं मला या लायब्रऱ्यांमधलं सर्वांत जबाबदारीचं काम वाटतं.

माझ्या प्रोग्रामने ही जबाबदारी झटकली होती. जावाच्या दारातून उत्तर आलं नाही, की तो सरळ 'बंद' छापायचा. मी बेडरॉकचं दार धरलं, तीनदा विचारायची सोय केली आणि 'बंद' पुसून तिथे 'उत्तर आलं नाही' लिहिलं.

संध्याकाळी पडद्यावर आलं: चालू, १० पैकी ४ खेळाडू. त्यातला चौथा आमच्याच कूलरसमोर मांडी घालून बसला होता.